सूर्य दिसेपर्यंत

पैज लागली ती भर दुपारी, रेजच्या पबात, आणि लागली माझ्यावरून. मला कोणी काही विचारलं नाही. टेबलावर पसरलेल्या म्हातारीला कोण विचारतो?

रेज म्हणाला, "या खोक्यात आता दम आहे कुठे? मेच्या पहिल्या तारखेला टेकडीवर सूर्य उगवेपर्यंत हिने न थांबता वाजून दाखवावं, मी स्वतः पायात घुंगरू बांधून चौकात नाचेन. भर बाजाराच्या दिवशी. नाहीतर ही माझ्या भिंतीवर."

रेज स्क्विब हा आमच्या गावातल्या पबचा मालक. त्याची भिंत तुम्ही बघायला हवी. एक गंजकी करवत, अंथरूण गरम करायचं एक पितळी भांडं, कोणा मेलेल्या गाडीवानाचा एक चामडी बूट, सगळं खिळ्यांना लटकवलेलं. गिऱ्हाइकं बिअर पितात आणि म्हणतात, वा, काय जुन्या वस्तू आहेत. करवत आणि बूट यांच्या मधे एक खिळा रिकामा होता. तो मला येताक्षणीच दिसला. तुम्हालाही दिसला असता, तुमच्यासाठी असता तर.

तर मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. भजनात मांडीपुढे ठेवून वाजवतात ती नव्हे. ती माझी लांबची बहीण, बसून खाणारी. मला छातीशी धरून दोन्ही हातांनी ताणावं लागतं. ताणलं की एक सूर, दाबलं की दुसरा. मधे भाता, दोन्ही बाजूंना बटणं, पोटात पितळेच्या जिभा. वय शंभराला टेकलंय. जिने चढवत नाहीत, म्हणजे मला घेऊन कोणाला चढवत नाहीत. ही गोष्टसुद्धा मी टेकून बसूनच सांगतेय, मधेच धाप लागली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यातला. आम्ही एका दिवसात चाळीस जणी जन्मलो, त्यामुळे कौतुक वगैरे काही झालं नाही. मग जहाज, मग आगगाडी, मग इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यातलं ॲशकोम नावाचं गाव. तिथे पोस्टमन वॉल्ट व्हाउल्स याने मला सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि पहिल्याच उतारावर पाडलं. माझ्या डाव्या कुशीवर अजून खूण आहे.

गावात चर्च आहे, रविवारी घंटा वाजते, सगळं रीतसर. पण चर्चच्या आधीपासूनचे जे सण आहेत ते आमच्या गावाने कधी सोडले नाहीत, आणि ते सगळे माझ्या खांद्यावर. जानेवारीत सफरचंदाच्या बागेत जायचं, सगळ्यात म्हाताऱ्या झाडाला गाणं म्हणायचं, फांदीत भाजका पाव अडकवायचा आणि थाळ्या बडवून झाडाला जागं करायचं. बोटं गोठलेली, माझी बटणं गोठलेली. जूनमधे शेकोटी. कापणी झाली की शेवटच्या पेंढीची मिरवणूक. डिसेंबरात सगळ्यात लहान दिवस, त्या दिवशी सूर्याला परत बोलवायचं. हे सगळं बिनपगारी, बरं का. वर लोक माझ्यावर दारू सांडतात.

आणि या सगळ्यांत मोठी म्हणजे मेची पहिली सकाळ. पांढरे कपडे, पायात घुंगरू आणि हातात रुमाल घेऊन सहा नाचे टेकडीवर चढतात. वर एक काटेरी झाड आहे, त्याच दिवसांत फुलतं. त्याच्या बुंध्याशी आधी सफरचंदाची दारू ओतायची, मग स्वतः प्यायची. उलटं केलं तर झाड रुसतं. मग उजाडताना नाच सुरू करायचा आणि सूर्य वर काढायचा. नाचे दमले तर बसू शकतात. वाजवणं मात्र थांबायचं नाही. सूर तुटला तर साल तुटतं, असं आमच्याकडे म्हणतात. पाद्रीसाहेबही येतात, गळ्यात दुर्बीण घालून. विचारलं तर म्हणतात, मी आपला पक्षी बघायला आलोय. पंधरा वर्षं झाली, त्यांना अजून एकही पक्षी सापडलेला नाही.

वॉल्टनंतर मला त्याच्या मुलीने घेतलं. नेटी. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं भाज्या उकडणारी बाई, पण बोटं काय होती. तिचा नवरा ग्लिन ढोल वाजवायचा. माझा भाता फाटला की तोच सायकलच्या पंक्चरचं ठिगळ लावायचा आणि वर फुंकर मारायचा. त्या दोघांनी मला एक गोष्ट शिकवली. नाचणाऱ्यासाठी वाजवायचं तर कान नाही, डोळे लागतात. नाच्याने उडी मारली की तो खाली येईपर्यंत सूर धरून ठेवायचा. आर्थर हॅलेट आमचा म्होरक्या, वय चौऱ्याहत्तर, गुडघा त्याहून म्हातारा. तो उजव्या पायावर उतरला की नेटी मला तांदळाच्या दाण्याएवढं जास्त ताणायची. आर्थरला वाटायचं, आपण अजून तालात आहोत.

मग दोन वर्षांपूर्वी ग्लिन गेला. नेटीने मला पेटाऱ्यात घातलं आणि जिन्याखाली ढकललं, झाडलोटीचं मशीन आणि ओल्या बुटांच्या मधे. एक उंदीर यायचा, तेवढीच सोबत. ती गाणं ऐकेना, बागेत जाईना, कोणी टोमणा मारला तर उलट बोलेना. हे शेवटचं वाईट होतं. नेटी उलट बोलत नाही म्हणजे गावाला काळजी.

गेल्या मेमधे टेकडीवर रेजने आपला नवा स्पीकर नेला. त्यात म्हणे दहा हजार गाणी आहेत. असतील. पण स्पीकर पायांकडे बघत नाही. आर्थर हवेत असतानाच गाणं पुढे निघून गेलं, तो भलत्याच ठोक्यावर उतरला आणि शेजारच्याच्या अंगावर पडला. तरी रेजचं म्हणणं, पुढच्या वर्षीही हाच. याला जेवण लागत नाही, दुःख होत नाही.

आणि या एप्रिलात नेटीने मला स्वतःहून पबात नेलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाली, "घे रेज, तुला हवी होती ना भिंतीला. घरात नुसती धूळ खाते."

मित्रांनो, खोटं बोलत नाही, मला वाईट वाटलं पण थोडं हायसंही वाटलं. खिळा तर खिळा. भिंतीवर निदान कोणी ताणणार नव्हतं.

आर्थर कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला की अजून वाजेल ती, आणि रेज हसून ते पैजेचं बोलला. वर म्हणाला, घुंगरू बांधलेला पुरुष बघितला की माझी बिअर नासते, तेव्हा मी केवढी मोठी पैज लावतोय बघा.

नेटी दाराशी पोचली होती. ती वळली.

"उगवेपर्यंत नाही," ती म्हणाली. "दिसेपर्यंत म्हण. टेकडीवर घड्याळ चालत नाही."

दोन वर्षांनी पहिल्यांदा तिने कोणाला तरी सुधारलं होतं. रेजने हात पुढे केला, तिने हात मिळवला, आणि मला परत काखेत मारलं. रिकामा खिळा मागून बघत राहिला.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, एवढीशी तर पैज. हो. पण पहिली तारीख उजाडली ती धुक्यात. साधंसुधं नाही. आर्थरने पाय उचलला तर त्याचे घुंगरू ऐकू येत होते, आर्थर दिसत नव्हता. सव्वापाचला नेटीने झाडाला दारू पाजली, पट्टा खांद्यावर घेतला आणि सुरू केलं. पाच पस्तीसला पंचांगाप्रमाणे सूर्य उगवला. पावणेसहाला आर्थर धापा टाकत म्हणाला की उगवला असणार आता, घड्याळात तरी.

रेज स्पीकर ढकलगाडीत घालून आला होता, वेळेला असावा म्हणून. तो म्हणाला, "घड्याळात उगवला असेल. मला तर दिसत नाही. तुला दिसतो का नेटी?"

नेटीचेच शब्द नेटीच्या गळ्यात. तिने मान हलवली आणि पुढचं गाणं धरलं.

सहा वाजले. माझं कातडं ओलं होऊन जड झालं, तिसरं बटण मुकं झालं. नेटीचा खांदा उतरत चालला, तो ती वर ओढत होती, परत उतरत होता. नाचे एकेक करून गवतावर बसले. त्यांचे रुमाल पोस्टातल्या बाईने घेतले, मग मास्तरांनी घेतले, मग ज्याला जे येईल ते. मला तर वाटत होतं, एकदा काय ते होऊन जाऊ दे. भिंत कोरडी असते. शेजारी करवत, तीही गप्प.

साडेसहाला गाणी संपली. मग नेटीने ते गाणं काढलं जे ग्लिन गेल्यापासून वाजलं नव्हतं. त्यात मधे फक्त ढोल आहे, चार ठोके. तिथे नेटीने एक खालचा सूर नुसता धरून ठेवला आणि डोळे मिटले. ढोल नव्हता. पण धुक्यातून कोणाचे तरी बूट आपटले, चार वेळा, अगदी बरोबर. पुढच्या खेपेला सगळ्यांचे आपटले. पहिले बूट कोणाचे ते मला ठाऊक आहे, कारण तो आवाज ढकलगाडीच्या बाजूने आला होता.

नेटी हसली नाही. पण तिचा पाय ताल धरायला लागला, आणि तिचं ताणणं बदललं. इतका वेळ ती पैजेसाठी वाजवत होती. आता ती वाजवत होती. मला हा फरक कुशीत कळतो. दमलेल्या हाडांतही अशा वेळी गुदगुल्या होतात, नाही म्हणत नाही.

आणि नेमका तेव्हाच माझा भाता गेला. उजवा वरचा कोपरा, ग्लिनच्या ठिगळाशेजारी. फुस्स. सूर कुठला, नुसती घरघर. नेटीचे दोन्ही हात माझ्यात अडकलेले. ती जिवाच्या आकांताने दाबत होती, ताणत होती, आणि वारा भोकातून पळत होता. आर्थर बसल्या जागी गुणगुणायला लागला, पण त्याचाही आवाज राहिला नव्हता. सूर पातळ होत होत दोऱ्याएवढा उरला.

रेज तीन पावलांवर उभा. त्याला काही करायची गरजच नव्हती. नुसता उभा राहिला असता तर पेटी त्याची, भिंत त्याची, पुढचा मे त्याच्या स्पीकरचा.

तो आला, ओल्या गवतात गुडघ्यांवर बसला आणि त्याने आपला पंजा माझ्या फाटक्या कोपऱ्यावर दाबून धरला.

भाता काही एका जागी राहत नाही. नेटी ताणेल तसा रेज तिकडे, दाबेल तसा इकडे. एवढा आडदांड माणूस, चिखलात गुडघ्यांवर डोलतोय. मास्तर त्याच्याजवळ वाकून म्हणाले, "रेज, अरे तू पैज हरतोयस."

"गप्प बसा हो," रेज म्हणाला. "सूर तुटेल."

नेटीने त्याच्याकडे बघितलं नाही. फक्त म्हणाली, "कोपर वर घे. आणि श्वास माझ्याबरोबर."

असे ते दोघं पस्तीस मिनिटं. सात वाजून वीस मिनिटांनी पाद्रीसाहेबांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली आणि हळूच म्हणाले, "तो बघा." धुक्यात, दुधात भिजलेल्या बिस्किटासारखा, सूर्य. आर्थर उठला. उरलेसुरले सगळे उठले आणि एकदा शेवटचं नाचले. मग नेटीने शेवटचा सूर सोडला आणि मला मांडीवर घेऊन खाली बसली. रेज तिथेच पालथा पडला होता. तिने त्याच्या डोक्यावर थोपटलं, माझ्यावर थोपटतात तसं.

दुसऱ्या दिवशी रेजने भिंतीवरून गाडीवानाचा बूट काढला. त्याचं चामडं मऊ निघालं. त्यातून त्याने एक तुकडा कापला आणि माझ्या कोपऱ्याला लावला, ग्लिनच्या ठिगळाला धक्का न लावता. आता त्याच्या भिंतीवर दोन खिळे रिकामे आहेत. गिऱ्हाइकं विचारतात. तो म्हणतो, माल फिरतीवर आहे.

मित्रांनो, मी दमलेय, हे तर तुम्हाला कळलंच असेल. वाजवून माणूस दमतो तसं वाजून यंत्रही दमतं. पण जिन्याखालच्या दोन वर्षांत मी जेवढी म्हातारी झाले तेवढी आधीच्या नव्वदांत झाले नव्हते. तुमच्याही घरात माळ्यावर, पलंगाखाली कोणीतरी पडलं असेल, टाळ असेल, बुलबुलतरंग असेल, आजोबांची बासरी असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, चार चुकीचे सूर काढा. आम्ही हसत नाही. फाटलं तर ठिगळ लावा. आणि वाजवाल तेव्हा समोरच्याच्या पायांकडे बघा, एवढंच मागणं.

राहता राहिली पैज. शनिवारी बाजार भरला होता, चौकातल्या दगडी हौदाभोवती अख्खं गाव उभं, भाजीवाले हातगाड्या सोडून आलेले. रेजच्या पोटऱ्यांना घुंगरांचे पट्टे पुरेनात, शेवटी सुतळीने बांधले. डोक्यावर काटेरी झाडाच्या पानांचा मुकुट. त्याने आपल्याच पबकडे एकदा बघितलं, जणू तिथली सगळी बिअर आता नासणार, मग नेटीजवळ येऊन कानात पुटपुटला, "जरा हळू घे हं."

नेटीने मला ताणलं. रेजने रुमाल उडवले, देवाचं नाव घेतलं आणि उडी मारली. उडी बोटभर असेल नसेल. पण एवढा मोठा देह खाली यायला किती वेळ घेईल, काही कळेना. आम्ही दोघींनी त्याच्या पायांकडे बघितलं आणि सूर धरून थांबलो.