पश्चिमेच्या खोलीची किल्ली

मी एक किल्ली. पितळेची, वजनदार आणि जन्मानं इंग्लंडची. पोर्ट्समथ या जुन्या बंदरातल्या एका हॉटेलची खोली उघडायची, एवढंच माझं काम. पण आज सकाळपर्यंत मी कोल्हापुरात आप्पासोंच्या दाराशेजारी खिळ्याला लटकत होते. कसं, ते ऐका.

आप्पासोंचा उद्यमनगरात ओतकामाचा कारखाना. अडुसष्टच्या जूनमध्ये ते एक यंत्र बघायला तिकडे आले. हॉटेल निवडताना त्यांनी ना पलंग बघितला, ना गरम पाणी विचारलं. स्टेशनजवळचं मोठं हॉटेल सोडलं, चर्चजवळचं स्वस्त सोडलं आणि आमच्या खोलीत शिरले ते थेट खिडकीशी. खिडकी पश्चिमेला होती, झालं! जैन माणूस, दिवस मावळल्यावर खाणार नाही. तिकडे जूनमध्ये सूर्य रात्री नऊ वाजून गेले तरी असतो. तो समोर दिसला की आप्पासो घरून आणलेलं भडंग निवांत खात बसत. मला माणूस आवडला.

त्या खोलीत फारसं कुणी टिकत नसे. पण हे त्यांना सांगणार कोण? किल्लीला तोंड कुठं असतं?

निघायच्या दिवशी त्यांनी कुलूप लावलं. आपल्याकडे घर सोडताना 'जातो' म्हणत नाहीत. सवयीनं ते त्या बंद दारालाच म्हणाले, "येतो."

खोली रिकामी होती. तरी आतून स्वच्छ मराठीत उत्तर आलं, "या. दिवस मावळायच्या आत या."

आप्पासो जिना उतरून पळत सुटले. मी त्यांच्या मुठीत तशीच राहिले.

तेव्हापासून रोज दिवस मावळताना मी ओली होते. भिंतीवर खारट ओघळ उतरतो. त्यांची बायको त्रिशलाबाई तो पुसतात, विचारत काही नाहीत. एकदा आप्पासो मला पंचगंगेत टाकायला घेऊन गेले. पण न दिलेली वस्तू घेऊ नये असं व्रत. मग दुसऱ्याची वस्तू टाकायची तरी कशी? मला परत आणलं. आणि ते 'येतो' म्हणायचंच विसरले. आजही मुकाट्यानं घराबाहेर पडतात.

पंचवीसेक वर्षं अशीच गेली आणि यंदा त्यांची डॉक्टर मुलगी चंदना शिकायला नेमकी त्याच गावाला निघाली. राहायला आधी हॉटेल हवं. चित्रं बघून तिनं आमचंच निवडलं. खिडकी पश्चिमेला आहे, आणि किल्लीही देऊन टाकते, म्हणाली. तेव्हा आप्पासोंनी सगळं सांगितलं. ती हसली. मग तिनं मला हातात घेतलं. संध्याकाळ होती. बोटं ओली झाली आणि तिचं हसू गेलं.

तिनं स्टेशनजवळचं हॉटेल ठरवलं. पण मला परत करणं भागच होतं.

"दे आणि माघारी फिर," आप्पासो म्हणाले. "त्या दाराला येते म्हणू नगंस. जाते म्हण. ध्यानात ठेव."

गेले काही दिवस ती तेच घोकत होती.

आज सकाळी दारात टॅक्सी आली. त्रिशलाबाईंनी हातावर दही घातलं. चंदनानं दोघांच्या पाया पडून उंबरा ओलांडला, मागं वळली आणि घोकलेलंच बोलून गेली.

"जाते."

त्रिशलाबाईंचा हलणारा हात थांबला. आप्पासोंनी तोंड उघडलं. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, म्हणून ते पुन्हा मिटलं. टॅक्सी निघाली.

मी तिच्या पर्समध्ये आहे. सूर्य नुकता वर आलाय, तरी मी ओली व्हायला लागले आहे. मला फार भीती वाटते. हाक मारा हो तिला कुणीतरी. रीत मोडली तरी चालेल.