पारोसं अंगण

आमच्या केशोरीत अंगणात सडा पडला की घर जागं झालं, असं समजतात. मग कोणी विरजण मागायला येतं, कोणी नुसतंच बसायला. अंगण कोरडं असेल तर फाटकाला कोणी हात लावत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेसाठी मी नाटक लिहायला घेतलं होतं. दिवसभर धानाची कामं आणि रात्ररात्र लिखाण. आठवड्यात तापाने आडवी झाले, नाटक अर्धंच राहिलं. यंदा ठरवलं, सकाळी आधी एक पान, मग सडा. पान झालं की लिहिणं बंद, डोक्यात कितीही सुचत असलं तरी.

सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. "काऊन वं, आंगण पारोसं ठेवून रायलीस? लोकं का म्हणतीन?" रोज सकाळी हेच. मी लिहीत राहायचे. उत्तर दिलं की पान जातं.

धानाची रोवणी आली, गेली. पान रोज होत राहिलं. सासूबाईंचं बोलणं मात्र कमी होत गेलं. मला वाटलं, थकल्या असतील.

परवा पान संपवून मी शेणाची बादली उचलली. सासूबाई दाराआड बसल्या होत्या. मांडीवर पेटीतली जुनी गोधडी होती, मी या घरात येण्याआधीपासून अर्धवट शिवून ठेवलेली.

"सडा टाकते, आई," मी म्हणाले.

मान वर न करता त्यांनी सुई ओढली.

"थांब ना वं जराशी. एवढी ओळ होऊ दे मायी."