चौथ्या पानावरचं कर्ज

रिपोर्टच्या चौथ्या पानावर ते कर्ज दिसलं. मी कधी न घेतलेलं कर्ज, तीन हप्ते थकलेलं. ते कुणी घेतलं असेल हे मनात यायला क्षणही लागला नाही, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. माझी सही माझ्यापेक्षा सफाईने करणारं या जगात एकच माणूस आहे, माझी जुळी बहीण.

मी कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी प्लॅस्टरचा साचा ओतते, मेणात एकेक दात बसवते, घासूनपुसून चकचकीत करते. चोवीस वर्षं लोकांच्या हसण्याची सोय करतेय आणि स्वतः मात्र फारशी हसत नाही, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. आमचे मालक आता थकलेत. "महिनाअखेरपर्यंत पैशांची सोय कर, कार्यशाळा तुझी," ते मला म्हणाले होते. "नाहीतर तो गोदामवाला टपून बसलाच आहे, पोरी." गोदामवाल्याला कवळ्यांशी काय देणंघेणं? तो सगळं भंगारात काढणार आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मी कामासाठी दारोदार फिरणार. म्हणून मी बँकेत अर्ज केला, तर बँकेने नकार दिला आणि वर हा क्रेडिट रिपोर्ट हातात ठेवला.

कर्ज विभागातल्या बाईंनी तो मला वाचायला शिकवला. पहिल्या पानावर आपली ओळख, पत्ता, फोन. मग आपली कर्जं आणि कार्डं, प्रत्येकाखाली महिन्यामहिन्याचे चौकोन. चौकोनात शून्य असेल तर हप्ता वेळेवर, आकडा असेल तर तितके दिवस उशीर. माझ्या चौकोनांत तीस, साठ, नव्वद असे आकडे चढत गेले होते.

"हे माझं नाही," मी म्हणाले.

"मग हरकत नोंदवा, मॅडम. या अर्जात दोन पर्याय आहेत. 'नोंद चुकीची आहे' यावर खूण केलीत तर उत्तराला तीस दिवस लागतात. 'फसवणूक झाली आहे' यावर केलीत तर कर्ज देणारी कंपनी लगेच माणूस पाठवते. कुणावर संशय असेल आणि नाव लिहिलंत, तर आणखी लवकर."

त्या हे सगळं भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या. महिनाअखेरीला एकोणीस दिवस उरले होते.

धाकटी माझ्याहून अकरा मिनिटांनी लहान. लग्नाच्या भानगडीत दोघीही पडलो नाही. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला लाँड्री चालवते, वरच राहते. आमच्या वडिलांना फॉर्म भरायचा भारी कंटाळा. एकीचा भरायचा आणि त्यावर बघून दुसरीचा उतरवायचा, हा त्यांचा खाक्या. त्यामुळे कागदोपत्री दोघींचा पत्ता एक, फोन नंबर एक, जन्मतारीख तर देवानेच एक दिलेली. तीच सवय आम्हालाही लागली. बाविसाव्या वर्षी मला ताप होता, तर बँकेत माझं खातं उघडायला माझी कागदपत्रं घेऊन धाकटीच गेली. माझी सही तिने इतकी झोकात केली, की आजही बँकेत मला तिची नक्कल करून माझी सही करावी लागते. त्या वेळी आम्ही पोट धरून हसलो होतो. रिपोर्ट हातात आला त्या रात्री मात्र ती गोष्ट आठवून मी उठून बसले.

कर्ज यंत्रसामग्रीसाठी होतं. गेल्या वर्षी लाँड्रीत धुण्याची दोन यंत्रं आली होती. "जुनी आहेत, स्वस्तात मिळाली," असं ती तेव्हा म्हणाली होती. मी यंत्रांकडे नीट बघितलंही नव्हतं. आता डोळे मिटले की ती कोरी करकरीत यंत्रं दिसायला लागली.

सरळ विचारायला काय झालं होतं, असं कुणीही म्हणेल. पण खरं निघालं तर बहीण गेली, आणि खोटं निघालं तर असं विचारलं म्हणून गेली. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर. मी आठवडाभर जेवले नाही म्हटलं तरी चालेल. एका रुग्णाच्या कवळीत दोन दात उलटे बसवले, चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी ती नेहमीसारखी जेवायला आली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि ती माझ्या चपलांकडे.

"झिजल्यात गं," ती म्हणाली. मग बराच वेळ भातात बोटं फिरवत बसली. "तुझं सगळं बरं चाललंय ना? काही अडचण असली तर सांगशील ना मला?"

"मला कसली अडचण?"

"नाही, सहज विचारलं."

सहज! जन्मात कधी तिने सहज काही विचारलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. सोमवारी बँक उघडायच्या आधीच मी दारात उभी होते. दुसऱ्या पर्यायावर खूण केली. संशयिताच्या रकान्यात बहिणीचं पूर्ण नाव लिहिलं, नातं लिहिलं, लाँड्रीचा पत्ताही लिहिला. आणि ज्या सहीवरून मी तिला चोर ठरवत होते, तिचीच नक्कल करून खाली सही केली.

चौथ्या दिवशी दुपारी ती कार्यशाळेत आली. मी मेण तापवत होते.

"ताई," ती म्हणाली. ताई ती मला फक्त भांडताना म्हणते. पण आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी जास्तच घाबरले.

"कंपनीची दोन माणसं आली होती. गिऱ्हाइकांसमोर विचारलं, बहिणीच्या कागदांवर कर्ज काढलंत का म्हणून. चौकशी होईपर्यंत यंत्रांना हात लावायचा नाही म्हणाले." तिने पिशवीतून कागद काढून प्लॅस्टरच्या भुकटीने माखलेल्या टेबलावर पसरले. "हे माझे कर्जाचे कागद. माझं ओळखपत्र, माझा फोटो, माझी सही. कर्ज माझं आहे. तू कर्जाचं नाव काढलं की तासभर बोलतेस, म्हणून तुला सांगितलं नाही. एवढाच माझा गुन्हा."

"मग ते माझ्या रिपोर्टात कसं आलं?"

"जसं हे माझ्यात आलं तसं." तिने तिचा रिपोर्ट पुढे सरकवला. त्यात एक कार्ड होतं, आणि त्याच्याखालीही तेच चढते आकडे. ते कार्ड मी ओळखलं. पाच वर्षांपूर्वी बाजारात एका टेबलापाशी, प्रवासाची बॅग फुकट मिळते म्हणून मी ते घेतलं होतं. बॅगेची चाकं महिन्यात निखळली आणि कार्ड मी साफ विसरून गेले. त्याची वार्षिक फी, फीवर व्याज, व्याजावर दंड, असं सगळं वाढत गेलं होतं. पत्ता एक, नंबर एक, तारीख एक. कुठल्या तरी संगणकाने माझं तिच्या खात्यात टाकलं होतं आणि तिचं माझ्या.

पण माझ्या कार्डाखालचे शेवटचे तीन चौकोन वेगळे होते. त्यांत शून्य होतं, आणि थकबाकीचा आकडाही शून्य होता.

"हे कुणी भरलं?" मी विचारलं, पण विचारताना उत्तर मला कळलं होतं.

"मी. चार महिन्यांपूर्वी बघितलं तेव्हा वाटलं, तू माझ्या नावावर कार्ड काढलंस. म्हणजे केवढी अडचण असेल तुला! विचारलं असतं तर तू लाजेने मेली असतीस. म्हणून गपचूप भरून टाकलं."

"आणि तुझे हप्ते?"

"तेच तर राहिले ना."

मेण करपल्याचा वास सुटला. मला ज्योत बंद करायचंही सुचेना, तिनेच हात लांब करून ती बंद केली. मी म्हणाले, आत्ता बँकेत जाते, तक्रार मागे घेते, दोघींचे कागद जोडून पहिल्या पर्यायावर खूण करते, तीस दिवस लागले तर लागू देत, कार्यशाळा गेली तर जाऊ दे. ती ऐकत होती.

"मी घाबरले होते गं," मी शेवटी म्हणाले.

तिने कागद गोळा केले, त्यांवरची पांढरी भुकटी पदराने पुसली आणि पिशवीत भरले. दारापर्यंत गेली.

"घाबरले मीपण होते," ती म्हणाली. "पण तुझ्यासाठी."