उबेचा कोपरा

सासूबाईंच्या खोलीत ऊब यावी म्हणून चुलीचा जाळ जमिनीखालून नेलेला आहे, त्यामुळे एक कोपरा कायम तापलेला. घरात ज्याच्यावर जीव, त्याला तो कोपरा. सासरे कोळशाच्या खाणीतून उशिरा यायचे, तेव्हा त्यांच्या भाताचा वाडगा तिथेच गोधडीखाली असायचा. मला मात्र लग्नापासून तिथे कुणी 'बस' म्हटलेलं नाही, ते असो.

माझ्या लेकीच्या, दानबीच्या अंगात इन्सुलिन बनत नाही. सहा वर्षं मी रात्री-अपरात्री उठून तिचं बोट टोचत आले. मग तिला यंत्र मिळालं. दंडावरचा सेन्सर साखर मोजतो आणि त्याप्रमाणे यंत्र रात्रभर आपोआप एका नळीतून अंगात इन्सुलिन सोडतं. म्हणून नव्या वर्षाच्या सणाला सासूबाईंकडे गावी गेलो, तेव्हा दानबी नाचतच आत शिरली.

"आजी, मी तुझ्याजवळ झोपणार!"

"आणि तुझी फौजदारीण आई?"

"तिला सुट्टी. आता हे जागतं रात्रभर."

सासूबाईंनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं. "एवढंसं ते, आणि रात्रभर जागतं? बिचारं. खातं काय गं?"

"चार्जर!"

दोन रात्री छान गेल्या. मी घोड्यासारखी घोरले म्हणे. तिसऱ्या पहाटे सासूबाईंची किंकाळी ऐकू आली, "दानबीच्या आई!" पोरगी ओकत होती, धापा टाकत होती. यंत्र कोकलत होतं, पण जाड गोधड्यांखाली. आणि सासूबाईंना कमी ऐकू येतं.

दानबी वाचली. डॉक्टर म्हणाले, "यंत्रातलं इन्सुलिन तापून निकामी झालंय. यंत्र सोडत राहिलं, पण लागू पडणार काय? कुठे ठेवलं होतं ते?"

सासूबाईंना एवढा शेवटचा प्रश्नच ऐकू आला. त्या कौतुकाने म्हणाल्या, "उबेच्या कोपऱ्यात. नळी सांभाळून रोज मीच ठेवायची, दोन गोधड्यांखाली. रात्रभर राबतं बिचारं, गारठू नये."

त्यांनी आमची तोंडं पाहिली. "काय झालं रे?"

शेवटी नवऱ्याने भरल्या दवाखान्यात त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. हळू सांगितलेलं त्यांना ऐकूच येत नाही. मला संताप आला होता, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि रडू फुटलं.

पुढच्या वर्षी त्याच सणाला दानबी धावत कोपऱ्यात गेली आणि एक पाय उचलून उभी राहिली. जमीन बर्फासारखी. शेजारीण म्हणाली, हिवाळाभर त्या खोलीची चूल पेटलेली नाही.

"आजी, तुझ्याजवळ झोपू?"

"नको. लाथा मारतेस तू."

"मी नाही मारत लाथा!" दानबी रडायलाच लागली.

मी सासूबाईंच्या कानाशी ओरडले, "आई, यंत्र मी तिच्या पोटावर बांधते, त्याच्यावर गोधडी घालायची नाही. चूल पेटवा. कुशीत घ्या तिला."

एरवी त्या प्रत्येक वाक्याला "आं? काय म्हणालीस?" विचारतात. या वेळी विचारलं नाही. उठल्या आणि दानबीची उशी माझ्या खोलीत नेऊन ठेवली.