बिनहातच्याची बेरीज

बाईंनी पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं आणि पेन्सिल साहेबांकडे परत सरकवली.

"बोथट आहे. टोक काढून द्या, मग बोलू."

साहेबांनी ती शेजारच्या तज्ज्ञाकडे दिली. सांकेतिक मजकूर उलगडणारा हा माणूस खास बोलावून आणलेला होता. तो मुकाट्याने टोक काढू लागला. तिसरीच्या वर्गाला तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईंपुढे भलेभले असेच मुकाट होतात. चौकशीची खोली असली म्हणून काय झालं!

टेबलावर रोजच्यासारखी बिस्किटांची बशी होती, आणि रोजच्यासारखा बाईंनी तिला हात लावलेला नव्हता. बशीशेजारी त्यांच्या मुलाचं पोस्टकार्ड. मुलगा सरकारविरुद्ध पत्रकं छापायचा, आता फरार होता. तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या त्या कार्डावर अक्षर एकही नव्हतं, नुसते सव्वीस आकडे. तज्ज्ञाच्या कागदाप्रमाणे त्यांचा अर्थ निघत होता, 'गोदाम जाळून टाक'. त्याच आठवड्यात सरकारी गोदाम जळालं होतं. आईने अर्थ कबूल करून सही केली की मुलगा फासावर जाणार, इतका सरळ हिशेब.

आकड्यांची पद्धत बाईंचीच. डब्यात दहा बटणं, शून्य ते नऊ लिहिलेली. एक काढायचं, आकडा लिहायचा, बटण परत टाकून डबा खळखळून हलवायचा. मुलाने पहिल्या दिवशी कंटाळून मनानेच आकडे लिहायला घेतले, तेव्हा बाईंनी त्याच्या हातावर पट्टी मारली होती. एका मनाने निवडलेलं दुसरं मन कधी ना कधी ओळखतं, बटणाला मनच नसतं. एकदा ओळीने चार वेळा सात आला. मुलगा म्हणाला, एक तरी बदलू या, बरं दिसत नाही. बाईंनी बदलू दिला नाही.

अशा दोन सारख्या वह्या झाल्या, एक त्याला, एक यांना. प्रत्येक अक्षराला आणि काना-मात्रेला दोन-दोन आकडे ठरलेले. त्यातला एकेक आकडा आणि वहीतला एकेक आकडा यांची बेरीज, तीही बिनहातच्याची: नऊ आणि चार तेरा, तीन लिहायचे, एक सोडून द्यायचा. वाचणाऱ्याने तशीच वजाबाकी करायची. एक पान एकदाच वापरायचं, मग चुलीत. आणि शेवटचा नियम, दारावर अनोळखी पावलं वाजली की आधी वही चुलीत, बाकी सगळं नंतर.

त्या दिवशी बाई कार्ड घेऊन नुकत्याच बसल्या होत्या आणि जिन्यावर बूट वाजले. वही जळाली. कार्ड वाचायचं राहिलं ते राहिलंच.

हे साहेबांना ठाऊक नव्हतं. बाईंनी सगळं वाचलंय आणि त्या लपवतायत असा त्यांचा समज होता, आणि बाईंनी तो मोडला नव्हता. मागच्या आठवड्यात सीमा ओलांडून पळणाऱ्यांवर गोळीबार झाल्याची बातमी आली होती. रोज रात्री घरी सोडल्यावर बाई ओट्याशी उभ्या राहून ते सव्वीस आकडे तोंडपाठ म्हणत आणि मनात वाक्यं बसवून पाहत. 'आई मी सुखरूप आहे' बरोबर बसायचं. 'आई मी पकडला गेलो' हेही तितकंच बरोबर बसायचं. तेव्हा त्यांना स्वतःच्याच पद्धतीचा फार राग यायचा.

टोक काढून झालं. अक्षरांना कोणते आकडे दिले आहेत तो तक्ता साहेबांना झडतीत सापडला होता. बाईंनी तो मागून घेतला, पाच-सात मिनिटं मान खाली घालून लिहिलं आणि कागद तज्ज्ञापुढे ठेवला.

"तुम्ही आकडेमोड करून वहीतलं पान शोधून काढलंत म्हणता ना? मलाही एक सापडलंय. करा वजाबाकी, आणि मोठ्याने वाचा."

तज्ज्ञ एकेक अक्षर वाचत गेला आणि शेवटाकडे त्याचा आवाज बारीक झाला. कार्डावर आता लिहिलं होतं, 'साहेब लाच घेतात'.

साहेबांचा चेहरा उतरला. हे चूक आहे ना, असं त्यांनी तज्ज्ञाला दोनदा विचारलं.

"चूक म्हणता येत नाही, सर," तज्ज्ञ म्हणाला. "आपलं जितकं बरोबर, तितकंच हे."

"तुम्ही आधी गोदाम घालून पान बनवलंत, म्हणून गोदाम निघालं," बाई म्हणाल्या. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? न्यायाधीशांसमोर फळा मागवा. त्यांना हवं ते वाक्य यातून काढून दाखवते."

साहेबांनी सहीचा कागद चुरगळला. मग खणातून दुसरं पोस्टकार्ड काढून बाईंसमोर आपटलं. काल टपालात पकडलंय, म्हणाले. हे तर कुणी बसवलेलं नाही, हे वाचून दाखवा.

बाईंनी चष्मा पदराने पुसला. पुन्हा नुसते आकडे. वही राख झालेली, त्यातलं अक्षरही त्यांना या जन्मी कळणार नव्हतं. पण प्रत्येक पाचाची शेपटी लांबलचक, थेट खालच्या ओळीत शिरलेली. तिसरीत असताना या शेपटीपायी त्यांनी पोटच्या पोराचे गुण कापले होते, तरी ती आखूड झाली नव्हती. त्यांनी कार्ड उलटून टपालाचा शिक्का पाहिला. तारीख परवाची होती.

"वाचा," साहेब म्हणाले.

"वाचलं."

"काय लिहिलंय?"

"तुमच्या तज्ज्ञांना विचारा."

बाईंनी बशी पुढ्यात ओढली. पहिलं बिस्किट त्यांनी सावकाश खाल्लं, मग दुसरं. तिसरं तज्ज्ञापुढे धरलं आणि साहेबांना म्हणाल्या, थोडा चहा मिळाला तर बरं होईल.