टाऊन हॉलची बोलकी भिंत

माझी बायको गंगम्मा वारल्याचा सांगावा आला तेव्हा मी दुकानात तेल मापत होतो. ती माहेरी गेली होती. निघताना गाडीत बसल्यावर ती काहीतरी बोलली होती, पण बैलांच्या घुंगरांत मला ऐकू आलं नाही. मी म्हणालो, "आल्यावर सांग." त्यानंतर मी तिच्या माहेरी पोचलो तो तिला माती द्यायलाच.

त्याच सुमारास आमच्या कसब्यात भस्मगिरी महाराज उतरले. निजामाचं राज्य होतं. ज्युबिलीच्या साली बांधलेला टाऊन हॉल म्हणजे गावाची शान. खाली काळा दगड, वर आरशासारखा घोटलेला चुना, चार कोपऱ्यांतून उठून माथ्यावर मिळणाऱ्या कमानी आणि त्यांवर घुमट. सभा क्वचितच व्हायच्या. एरवी बकऱ्या सावलीला बसायच्या. महाराजांनी बकऱ्या हाकलल्या आणि मेलेल्यांना बोलवायला सुरुवात केली.

येरमाळ्याहून, ईटहून गाड्या येऊ लागल्या. गर्दी पार बाजारापर्यंत. एका कोपऱ्यात भिंतीला कान लावायचा. समोरच्या कोपऱ्यात पडदा, ती म्हणे महाराजांची ध्यानाची जागा. महाराज मधोमध उभे राहून गर्जायचे, "ये आत्म्या! पाताळ फोडून ये! तुला सरकारी परवाना लागत न्हाय, ये!" मेलेल्याची आवडती वस्तू पुढं ठेवावी लागे. आत्म्यांना बहुधा चांदीच आवडायची.

मी गंगम्माचा कमरपट्टा घेऊन निघालो. शेजारचे बाबामियाँ सोबत आले. त्यांची बायको जैनबबी मागच्या साली गेली होती.

"ईरण्णा, खुळा झालास का?"

"मग तुमी कशाला येताय?"

"तुझा पट्टा सांभाळायला."

मी भिंतीला कान लावला. आणि भिंत खरंच बोलली. अगदी कानाशी. "अवं..."

मी भिंतीला आणखी चिकटून विचारलं, "गाडीत बसल्यावर काय म्हणालीस गं?"

"पट्टा महाराजांना द्या... चितेची धग लई लागती... जीव भाजतोय."

मी कान काढला. आम्ही लिंगायत. गंगम्माला बसवून, तळहातावर लिंग ठेवून समाधी दिली होती. माती मीच लोटली होती. चिता कसली?

"काय म्हणती?" बाबामियाँनी विचारलं.

"चितेची धग लागती म्हणं."

"चितेची? जरा सरक." त्यांनी कान लावला. "जैनब, कैसी है तू?"

भिंतीचं उत्तर ऐकून ते वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "हिचेबी चितेत हाल चाललेत! आमच्या कबरस्तानात चिता कुणी पेटवली?"

गर्दी हसली. बाबामियाँ तरातरा पडद्याकडं निघाले. महाराज ओरडले, "मागं फिर! भस्म होशील!"

"आमच्यात भस्म होत न्हाईत, दफन होतात."

ते पडद्याआड गेले. मी पुन्हा भिंतीला कान लावला, तर त्यांचा बिडीचा खोकला माझ्या कानातच उठला. मागोमाग भिंत म्हणाली, "ईरण्णा, इथं एक बाप्या भिंतीकडं तोंड करून बसलाय. मीबी तुला 'अवं' म्हणू का?"

गंगम्मा गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो.

महाराज मागच्या दारानं येडशी स्टेशनाकडं पळाले. चांदी तिथंच राहिली, ज्याची त्याला मिळाली. शाळेतल्या व्यंकटमास्तरांनी खुलासा केला. कमान वळलेली, चुना गुळगुळीत. एका कोपऱ्यात केलेली कुजबूज कमानीवरून घसरत समोरच्या कोपऱ्यात उतरते, मधल्या माणसाला पत्ताही लागत नाही. कुजबूज बाईची की पुरुषाची ते कळत नाही. ओळखीचा आवाज तिच्यात आपणच भरतो. मग सगळ्या गावानं करून पाहिलं. सासवा-सुना कोपऱ्यांतून एकमेकींना टोमणे मारू लागल्या.

माझं सांगणं एवढंच. भिंत बोलली तर रडा, हरकत नाही, मीही रडलो असतो. पण आधी समोरच्या कोपऱ्यात जाऊन कोण बसलंय ते बघा.

कमरपट्टा पुन्हा पेटीत ठेवला आहे. गाडीत बसल्यावर गंगम्मा काय म्हणाली, ते ऐकायचं राहून गेलं आहे.