ओलेत्यानं दर्शन

देवगाव रंगारीच्या लोखंडी त्रिशूळात देवी उतरली आहे, याचा मी स्वतः साक्षीदार आहे. हात लावला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. रबरी चप्पल घालून लावला, तेव्हा मात्र तिनं ओळख दाखवली नाही.

"चपला घालून देवी भेटती व्हय?" सखाराम भगत गरजला. कन्नडहून जीपा भरभरून माणसं आली होती. "जेवढं पाप, तेवढा झटका! कोरड्यानं मुंग्या, ओलेत्यानं साक्षात्कार!"

स्वतः भगत लाकडी खडावा घालून त्रिशूळ खुशाल कवटाळायचा. त्याला काही होत नसे. निष्पापच तो.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या फहमिदा मॅडमनी त्रिशूळाला टेस्टर लावला. दिवा लागला.

"बघा, देवीचं तेज!" भगत म्हणाला. लोकांनी जयजयकार केला.

"अहो, करंट आहे हा! मागं बोअरची सोललेली वायर त्रिशूळाला टेकलीय. व्होल्टेज सगळ्यांना तेच. कोरडं अंग, लाकूड, रबर करंटला अडवतं. अंग भिजलं की अडवणूक कमी, करंट कितीतरी पट जास्त. माणूस मरेल!"

मेन स्विच भगताच्या कुलपात. मागं जायला शिष्य वाट देईनात. वायरमन फोनवर म्हणाला, "उद्या येतो."

रांगेत पुढं तनुजा होती, मॅडमची जुनी विद्यार्थिनी. लग्नाला सात वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता.

"तनुजा, घरी चल. रोध कमी झाला की काय होतं, तूच फळ्यावर लिहिलं होतंस ना?"

"सूत्र अजून पाठ हाय, मॅडम," ती हसली. "पण सूत्रानं कूस उजवत नाय."

सासूनं, भागूबाईनं, मायेनं तिच्या डोक्यावर कळशी ओतली. तनुजानं दोन्ही हातांनी त्रिशूळ धरला.

मूठ सुटेना. "काय भक्ती हाय!" लोक म्हणाले.

त्या गलक्यात मॅडम मागं घुसल्या, कोरड्या काठीनं वायर उडवली. तनुजा खाली पडली. उठली नाही.

"एकच कळशी ओतली वो मी," भागूबाई ज्याला त्याला सांगत होती. "एकच."

मॅडमनी तिच्या हातातली कळशी काढून घेतली.

ज्याला हात जोडायचे त्यानं जोडावेत. पण झटका बसला तर पाप शोधू नका, वायर शोधा.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्यानं वायरला टेप गुंडाळली. पाच मिनिटं लागली. त्रिशूळाला हात लावला तर आता काही होत नाही.